बुलबुल, मुंगूस आणि दोन माग

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. वडगावातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केदारी दोन यंत्रमागांच्या मधे उभा होता. तोंड भिंतीकडच्या मागाकडे, पाठ खिडकीकडच्या मागाला. एकतीस वर्षं तो असाच उभा राहत आलाय. समोरचा माग डोळ्यांनी राखायचा, पाठचा कानांनी. काही बिघडलं की खडखडाटाचा ठेका बदलतो. वर्षभरात तो बदल त्याला कळेनासा झाला होता. बायकोला, सत्यवतीला, त्यानं हे सांगितलं नव्हतं. ऐकू येत नाही म्हटलं, की एक माग हातातून गेला.

आज खिडकीकडच्या मागावर नवं बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा नवा रूळ, चढवलं होतं. नव्या बीमच्या दिवशी मुंगूस दिसलं तर साड्या बिनघोर उतरतात, असं त्याचे वडील मानायचे. सहा वाजता बाहेर मेंदीच्या कुंपणाखाली मुंगूस दिसलं, तेव्हा केदारीनं हात जोडले आणि माग सुरू केले. त्याच मेंदीत, कंबरेएवढ्या उंचीवर, बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं तीन.

साडेसातला सत्यवती धावत आली आणि तिनं दोन्ही माग बंद केले.

"अवं, बुलबुल कवाधरनं बोंबलतोय! मला सैपाकघरात ऐकू आलं, तुमास्नी खिडकीशी न्हाय?"

"माग चालू हुते की."

केदारीनं वळून खिडकीबाहेर पाहिलं. घरटं रिकामं. मुंगूस कुंपणाखालून सरकत निघून गेलं. वरच्या तारेवर बुलबुल, तुरा ताठ, चोच उघडत-मिटत. बुलबुलाचं सगळं आवाजावर, मुंगसाचं आवाज न करण्यावर. केदारीच्या कानांना दोघं सारखेच.

"आता गप बसलाय की," तो म्हणाला.

सत्यवती त्याच्याकडे बघत राहिली. तारेवरचा बुलबुल अजून कलकलत होता. मग तिनं खिडकीकडच्या मागावरचं कापड चाचपलं. वीतभर काठ विणायचाच सुटला होता.

"आणि ह्यो बी गपच बसलावता व्हय?"

केदारी स्टुलावर बसला. "दमलोय गं. वरीस झालं, पाठचं कायबी कळत न्हाय."

"आणि मुंगसाला हात जोडून बीम चढवताय." तिनं पदर खोचला. "ह्याच्यापुढं मी हुबी ऱ्हाते."

उद्या साडेसहाला खिडकीकडचा माग सत्यवती चालू करील. त्यासाठी कुकर साडेपाचलाच लागेल.