दोनशे मुलं आणि अवरेकाईच्या शेंगा

बेळगावहून बेंगळूरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला गेलो, तो एकोणीसशे पन्नास-साठचा काळ. वर्गात दोनशे मुलं. मी फळ्यावर सूत्रं लिहायचो, मुलं माझी पाठ बघत ती उतरवायची. पहिलं वर्ष सरत आलेलं, नोकरी कायम व्हायची होती आणि त्यासाठी विभागप्रमुख माझा तास बघायला येणार होते. तेव्हाच मला हुक्की आली, की मुलांच्या हाताला काम द्यायचं!

थंडीमुळे बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागलेले. प्रत्येकाने दहा शेंगा आणायच्या, सोलायच्या आणि एका शेंगेत सरासरी किती दाणे ते चिठ्ठीवर लिहायचं. आकडे वेगवेगळे येणार, ते का पसरतात यावर मी बोलणार. भाषण आरशासमोर घोकून ठेवलं होतं. वर एक शहाणपण केलं. नमुना म्हणून माझ्या दहा शेंगांचं उत्तर फळ्यावर लिहिलं: ३.६.

चिठ्ठ्या गोळा केल्या. ३.६. ३.६. पुन्हा ३.६. प्रयोगशाळेत पुस्तकातल्या उत्तरापासून जरा हललं की लाल शाई आणि प्रयोग पुन्हा, हे मुलांच्या अंगवळणी पडलेलं. इथे तर उत्तर सरांनीच दिलेलं. मग शेंगा मोजतो कोण? आकडे पसरलेच नाहीत, तर भाषण कशावर करणार?

तास बघायला आलेले विभागप्रमुख मात्र खूश! "वा! स्वल्पसुद्धा चूक नाही! काय तयारी करून घेतलीय हो!"

तेवढ्यात त्यांच्या हाती २.९ची चिठ्ठी लागली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची. तिच्यापुढे दाण्यांचे दहा नीटस ढीग.

"हे काय गं? सगळ्या वर्गाचं एक आणि तुझं भलतंच?"

"सार, मी दोनदा मोजलं."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दोनशेंतल्या एकीनेच मी सांगितलेलं केलं होतं. प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"पुन्हा मोज बघू," मी म्हणालो.

प्रमुखांनी मान डोलावली, माझ्या कागदावर सही केली आणि ते गेले. मी कायम झालो.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती मोजतच होती. तिसऱ्यांदाही २.९च आलं. तिने ते खोडलं, शेजारी ३.६ लिहिलं आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"आता सरी का, सार? बरोबर?"

"सरी," मी म्हणालो.