मागचा डावा स्पीकर

मी तापलो की आमच्या घरात भांडीसुद्धा हळू घासली जातात. हे मी मिरवून सांगत नाही. पण त्या शनिवारी दुपारी पांढुर्ण्याच्या आमच्या घरात सगळे जीव मुठीत धरून वावरत होते आणि त्याचं कारण मीच होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सौंसरची मंडळी येणार होती, आमच्या मुलीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख पक्की करायला. त्याआधी मला बैठकीत होम थिएटर सुरू झालेलं हवं होतं. टीव्हीजवळ तीन स्पीकर, पाठीमागच्या भिंतीवर दोन, आणि कोपऱ्यात एक जाडजूड वूफर. दुकानाचा माणूस सकाळी आला, भिंतीत खिळे ठोकले, वायरी ओढल्या आणि "झालं काका" म्हणून निघून गेला. कसलं झालं? मागचा डावा स्पीकर वाजतच नव्हता.

हे खूळ माझ्या डोक्यात सौंसरलाच शिरलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही बापलेक मोटरसायकलवर मुलाचं घर बघायला गेलो होतो. बायकोची कंबर धरली होती, म्हणून ती आली नाही. मुलगा आणि मुलगी गच्चीवर बोलायला गेली, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि सिनेमातली गाडी पुढून येऊन आपल्या मागे कशी जाते ते ऐकवलं. मला ती नुसती उजव्या अंगाने गेल्यासारखी वाटली. यांचा डावा स्पीकर बंद दिसतो, असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने "वा वा" केलं. आपल्याकडे येतील तेव्हा चारी बाजूंनी वाजवून दाखवू, हे तिथेच ठरवून टाकलं.

परत निघताना मी मान न वळवता मुलीला विचारलं, "मग? पसंत आहे ना?" ती मागे दोन्ही पाय डावीकडे सोडून एका अंगाने बसली होती. माझ्या हेल्मेटमध्ये वारा भरलेला. मोहगाव मागे पडेपर्यंत पाठीमागे काहीतरी पुटपुट चालली आहे असं वाटत राहिलं. मैत्रिणीशी फोनवर बोलत असेल, म्हटलं. मला मात्र तिने काही उत्तर दिलं नाही. आमच्याकडे मुलगी 'नाही' म्हणाली नाही की तो होकारच धरतात. मीही धरला. घरी पोचल्या पोचल्या सौंसरला फोन लावला आणि मग बायकोला सांगितलं, "रविवारी बोलावलं मी त्यांना."

तेव्हापासून मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची. लग्न ठरायला आलं की मुली अशाच गप्प होतात, असं मी स्वतःला सांगत होतो. पण तिचं ते गप्प राहणं मला आत कुठेतरी टोचत होतं, आणि टोचलं की मी तापतो. त्या दिवशी तो सगळा ताप स्पीकरवर निघाला.

रिमोटवर तपासणीचं एक बटण होतं. ते दाबलं की एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'शऽऽ' असा आवाज यायचा, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. बैठकीच्या मधोमध लाकडी खुर्ची टाकून मी ऐकत होतो. पुढचा डावा जरा मिळमिळीत. मधला ठीक. पुढचा उजवा खणखणीत. मागचा उजवा तर त्याहून खणखणीत. आणि मागच्या डाव्याची पाळी आली की कुठूनतरी लांबून, तीही उजवीकडूनच, नुसती कुजबुज.

मी स्टुलावर चढलो. वायरी काढल्या, टोकं चाकूने खरवडली, पुन्हा लावल्या. तीच कुजबुज. मग दोन्ही मागचे स्पीकर उतरवून त्यांची अदलाबदल केली. गंमत अशी की जो बिघडलेला म्हणत होतो तो उजवीकडे गेल्यावर छान वाजू लागला, आणि जो छान होता तो डावीकडे येताच बसला. मी दुकानात फोन लावला.

"उद्या माणूस पाठवतो काका," तिकडून उत्तर आलं.

"उद्या अकरा वाजता पाव्हणे येऊन राहिले माझ्या घरी. तुमचा माणूस काय त्यायले पोहे वाढणार आहे?"

त्याने फोन ठेवला. चार वाजून गेले होते. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, वाजून तर राहिलं न ते! काहून उगाच वायरी उपटून राहिले?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा कुजबुज ऐकली, आणि आता हे सगळं धूड भिंतीवरून ओरबाडून दुकानात नेऊन आदळायचं, एवढंच डोक्यात राहिलं.

मुलगी उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. ती बाहेर आली. काही न बोलता तिने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला, मला दंडाला धरून उठवलं आणि खुर्ची उलटी फिरवली, पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून. मला बसवलं. बटण दाबलं.

मागचा डावा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला होता, आणि तो केवढ्याने वाजला! आणि मघापासून खणखणीत असलेला पुढचा उजवा पार बसला.

"आता तो बिघडला?" मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच काहीतरी कळू लागलं होतं.

ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिचे ओठ हललेले दिसले. मग ती उजवीकडे आली आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बाबा, सगळेच वाजून राहिले. तुमालेच डाव्या कानानं आयकू येऊन नाही राहिलं."

मी बावीस वर्षं जिनिंगच्या ऑफिसात बसलो आहे. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला खिडकी, आणि खिडकीपलीकडे दिवसभर धडधडणारी मशीन. इतकी वर्षं कापसात काढली, पण कानात त्यातला चिमूटभर घालावा एवढं सुचलं नाही. फोन मी नेहमी उजव्याच कानाला लावतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. आणि मग तो सौंसरचा रस्ता आठवला. डावीकडे पाय सोडून बसलेली माझी मुलगी आणि तिची ती पुटपुट.

"त्या दिवशी गाडीवर," मी विचारलं, "तू फोनवर बोलत होती का?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

"फोनवर? बाबा, मी तुमालेच सांगून राहिली होती. तुमी आयकलंच नाही?"

"नाही."

"मले वाटलं, आयकून गप्प राहिले. आन् घरी येऊन त्यायले फोन केला."

बायको दारात येऊन उभी होती. "मले तिनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, यायनं सगळं आयकलं आन् तरी बोलावलं, म्हणजे झालं आता. तुमच्यापुढं कोण बोलन?"

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. पोरीने मला उलटं बसवायच्या आधी दुकानाचा माणूस आला असता, तर त्याने कसंतरी माझं समाधान केलं असतं, आणि उद्या अकरा वाजता मी या पोरीच्या आयुष्याची तारीख ठरवून मोकळा झालो असतो. वर चारी बाजूंनी सिनेमा वाजवून दाखवला असता. माझ्या गप्प राहण्याला या घरात सगळे निकाल समजतात, हे मला ठाऊक होतं. मला ते आवडतही होतं.

मी खुर्ची सरकवली. "इकडं बस," म्हटलं, "उजवीकडं. पहिल्यापासून सांग."

ती स्टुलावर बसली. म्हणाली, गच्चीवर मुलगा चांगलाच बोलला. नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं कर म्हणाला, पण ड्यूटी करायची नाही. त्यांच्याकडच्या बाया बाहेर कामाला जात नाहीत. फोटो मात्र फ्रेम करून लावू म्हणाला, डिग्रीचा. मग म्हणाली, "मले नाही करायचं हे लग्न, बाबा. मोहगाव येईपर्यंत तीनदा म्हटलं मी. तिसऱ्यांदा तर रडून म्हटलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तसाच उठून सौंसरला फोन लावला. मुलाच्या वडिलांनी हसतच उचलला. उद्या किती जण येणार ते सांगू लागले.

"उद्या येऊ नका," मी म्हणालो. "हे जमणार नाही. माफी मागतो तुमची."

ते म्हणाले, "पण तुमीच तर बोलावलं होतं. पोरीले विचारलं नव्हतं का आधी?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "तिनं सांगतलंही होतं. मीच आयकलं नाही."

फोन ठेवला तेव्हा मुलगी माझ्या उजव्या बाजूला उभी होती.