मैत्रीच्या पत्रातले देश

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आयर्लंडमधल्या ल्यूकन गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त फादरांची नजर पार अधू झाली होती, म्हणून दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे. ते फाइल दोन्ही अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवून मागे सरकायचे, मग मी ती उचलायचे. तिच्यात दुसऱ्या महायुद्धातली, इंग्लंडमधल्या बिशपांची पत्रं होती. दोस्त राष्ट्रांनी एकमेकांशी मैत्री जपावी, असं सांगणारी. एका पत्रात ब्रिटन, अमेरिका, रशिया सगळे होते, भारताचं नावही नव्हतं. माझे आजोबा त्याच युद्धात इटलीत लढले होते. माझं डोकंच फिरलं. तेच पत्र फादरांनी पुन्हा वाचायला सांगितलं, तेव्हा रशियानंतर मी सरळ "आणि भारत" असं घुसडलं.

फादरांना पत्र पाठ होतं. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "मग आयर्लंडही घाल."

"तुम्ही कुठे लढलात?" मी ताडकन म्हणाले. "तुम्ही तर तटस्थ होतात!"

"पत्र मैत्रीचं आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "लढाईचं थोडंच आहे?"

मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला, आयर्लंडसकट.