आजोबांचा आवाज

बामाचा वास आला की मला माझा चाळिसावा वाढदिवस आठवतो. माशांच्या पाककृतींच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं होतं, "आज बांगड्याक मसालो लावच्या आधी गुडघ्याक बाम लावलंय." कॉलेजातल्या एका मुलीनं लगेच कळवलं, "माका विसाव्या वर्षीच कंबर धरता." हसाहशी चालू असताना, बायको गेल्यापासून वर्षभर ग्रुपवर गप्प असलेल्या जामसंड्याच्या आजोबांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "अरे पोरांनो, माझो चष्मो तुमच्यापेक्षा म्हातारो आसा!" आणि पाठोपाठ त्यांचं खोकत खोकत हसणं. मी ते तीनदा ऐकलं. मुलीनं विचारलं, "आजोबा, जेवलात मां?" "नाय गो. एकट्याक जेवण जायना. पण आता जेवतंय." तेव्हापासून दुपारी कुणी ना कुणी त्यांना हे विचारतंच. आज मी विचारलं, तर मलाच ओरडले, "तू आधी जेव रे!"