दंडावर न उठलेली खूण

मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्याच्या बांधावर मी साखळी टाकली नाही असे गाव क्वचितच असेल. या कामाने मला एक सवय लावली. जे समक्ष पाहिले नाही त्यावर मी सही करीत नाही. निवृत्तीनंतर सही करण्याचे प्रसंग संपले, सवय उरली. साथीच्या काळात तिने मला बराच त्रास दिला, कारण त्या काळात जे काही मानायचे होते त्यातले फारच थोडे डोळ्यांना दिसत होते.

तो काळ आठवू लागलो की प्रथम धूर दिसतो. चैत्रात आमच्याकडे राब भाजतात. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर पाला, काटक्या, शेण पसरून जाळतात. त्या वर्षीही जाळले. उतारांवरून निळा धूर उतरत होता, झाडे मुळांवाचून उभी असल्यासारखी दिसत होती आणि त्या धुरात माणसे तोंडाला फडकी बांधून हलत होती. कोण कुणाचे ते जवळ आल्याशिवाय ओळखू येत नव्हते, आणि जवळ तर यायचे नव्हते.

माझी थोरली बहीण मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यात राहते. शहापुरातून किन्हवलीवरून गेले, काळू नदीचा पूल ओलांडला, की पुढे डांबर संपते. तिथे तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्या दिवसांत घरीच होता. त्याचा वाशिंदचा कारखाना बंद होता. पाड्यात मोबाईलला रेंज नाही. ती देवळामागच्या खडकावर येते. भाचा रोज सकाळी खडकावर चढे आणि बाजारहाट करून आल्यासारखा तालुक्यातल्या रुग्णांचा आकडा घेऊन खाली उतरे. मग आंब्याखाली वाद सुरू होई.

वादात दुसरी बाजू शेजाऱ्याची असे. हा शेजारी माझ्या वयाचा, पूर्वी पोलीसपाटील होता, आणि शासनाने सांगितलेली कोणतीही गोष्ट त्याला पद सुटल्यापासून पटलेली नव्हती.

“आपल्या पाड्यात किती?” त्याने एकदा विचारले.

“एक पण नाय,” भाचा म्हणाला.

“बघा. मी काय बोलतो?”

“तपासायला कोण गेला, दादा? गेलाच नाय तर आकडा येल कुठनं?”

“म्हंजे तपासला तर रोग हाय, नाय तपासला तर नाय. असला रोग मी नाय बघितला.”

मी म्हणालो, “न मोजलेली जमीनही जमीनच असते.”

“असंल. पण तिचा सारा कोण मागत नाय, मोजणीदार.”

सगळे हसले. मीही हसलो असेन. या शेजाऱ्याचा वडील भाऊ त्याच महिन्यात खोकून खोकून गेला होता. तो कोणत्याही आकड्यात नव्हता. शेजारी त्याला म्हातारपण म्हणत होता, आणि आंब्याखाली बसलेल्यांपैकी कुणीही त्याला दुसरा शब्द सुचवला नाही.

लस आली तेव्हा मी ती शहापुरात घेतली आणि बहिणीला तिच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात घ्यायला लावली. ती लगेच तयार झाली. तिला घाई होती. तिच्या नातीला, म्हणजे भाच्याच्या मुलीला, दिवस गेले होते, पहिलेच बाळंतपण, ते माहेरी व्हायचे होते, आणि मूल भाद्रपदात अपेक्षित होते. त्या पाड्यातली निम्मी माणसे बाळपणी माझ्या बहिणीच्या पायांवर न्हाली आहेत. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांच्या खोबणीत मूल निजवायचे, तेल जिरवायचे, पाणी ओतायचे. तिच्या हातांखाली मूल रडत नाही, असा तिचा लौकिक आहे. नातीच्या मुलाला न्हाऊ घालणे ही एकच इच्छा तिने अलीकडच्या वर्षांत माझ्यापाशी बोलून दाखवली होती.

टोचल्यानंतर त्याच दुपारी मला ताप भरला. शहापुरातल्या माझ्या घराची खिडकी पश्चिमेला आहे. ऊन भिंतीवर चढत होते, मी पडून होतो, आणि छपराच्या वाशांमधून शेते वाहू लागली. माझी साखळी पाण्यासारखी मऊ झाली होती. हद्दीचे दगड उठून चालू लागले होते. घाई नव्हती त्यांना, गुरे घराकडे येतात तसे ते येत होते. त्यांच्या मागे आई होती. ती दाराच्या उंबऱ्यात हात आडवा धरून उभी राहिली आणि बाहेरच्या कुणाला तरी म्हणाली, “अजून उठली नाय. आत येऊ नको.” बाहेर कोण होते ते मला दिसत नव्हते, पण मला ठाऊक होते.

ते सांगितले पाहिजे. आमच्या लहानपणी गावात देवी काढायला, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायला, माणूस येई. त्याला सगळे देवीडॉक्टर म्हणत. दंडावर तो दोन ठिकाणी टोचून जाई आणि काही दिवसांनी पुन्हा येऊन बघे. तिथे फोड उठला, त्याची खपली पडली आणि गोल खूण राहिली, की देवी उठली. नाही उठली तर पुन्हा काढायची. माझ्या बहिणीची पहिल्या खेपेला उठली नाही. पुढची खेप येण्याआधी आमच्या घरात बाळंतपण झाले. आमच्याकडे रीत अशी होती, की ज्याची देवी उठली नाही त्याने बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. आईने ती कडक पाळली, कारण त्याआधीचे एक मूल देवीने नेले होते. म्हणून माझी बहीण आपल्या नव्या भावाला उंबऱ्याबाहेरून बघत असे. तिची खूण उठेपर्यंत तिने त्याला हात लावला नाही. तो भाऊ मी. हे सगळे मला आईने सांगितले. बहिणीने कधी सांगितले नाही.

ताप उतरल्यावर मी मुरबाडकडे गेलो. पाड्यात तोवर नवा वाद उभा राहिला होता. ज्याला ताप आला त्याला लस लागली. ज्याला आला नाही त्याला नुसते पाणी टोचले, असे ठरले होते. रामराम करण्याऐवजी लोक “ताप आला का?” असे विचारत होते. शेजाऱ्याने आधी लस घेणार नाही असे सांगितले होते, मग गुपचूप घेतली, आणि आता तो आपल्या तापाचे वर्णन करीत होता.

“घोंगडीवर घोंगडी घातली तरी थंडी जात नव्हती.”

त्याची बायको धुणे घेऊन चालली होती. ती थांबलीसुद्धा नाही. “ताप कसला? कोंबडी काप, कोंबडी काप करत होता दिवसभर.”

माझ्या बहिणीला ताप आला नव्हता. ती ओसरीवर बसून आपला दंड बघत होती. तिथल्या जुन्या दोन खुणा कातडी सैल पडल्यामुळे लांबट झाल्या होत्या. त्यांच्या शेजारी काहीही नव्हते.

“माझी उठली नाय, रे,” ती म्हणाली.

“या लसीची खूण उठत नाही, बाय.”

“तुला ताप तरी आला.”

“तापाचा तसा संबंध नाही. कुणाला येतो, कुणाला येत नाही. शरीर आतल्या आत शिकते.”

“आत काय शिकलं ते आत राहिलं. बाहेर दाखवायला काय हाय?”

आषाढात तिला दुसऱ्यांदा टोचले तेव्हा मी बरोबर होतो. उपकेंद्राच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. बहीण नर्सबाईंना म्हणाली, की मागची लागली नव्हती, या वेळी जरा खोल टोचा. नर्सबाई दमलेल्या होत्या, तरी नीट बोलल्या.

“आजी, हिला खूण नाही येत.”

“मग लागली ते कळायचं कसं?”

“रक्त तपासून थोडंफार कळतं. पण ते इथे नाही होत. मुंबईला पाठवावं लागतं.”

“मुंबईला कळून मला काय करायचंय?” बहीण म्हणाली आणि पदर सावरून उठली.

परतीच्या वाटेवर बांधांवरून पाणी वाहत होते, लावणीच्या बायका इरली पांघरून वाकल्या होत्या, आणि धुक्यात नुसती इरलीच पुढे सरकत असल्यासारखे वाटत होते. मग ती म्हणाली, “तू मोजणीदार. दगड नसला तर हद्द मानायचास का तू?”

मी कधीही मानली नव्हती. तसे मी तिला सांगितले.

“मग मला काय शिकवतोस?”

मुलगी झाली. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातून नात तिला घेऊन घरी आली, तेव्हा माझ्या बहिणीने दारात दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती बाजूला झाली. आत गेली नाही. नातीने हाक मारली, भाच्याने समजावले, सुनेने, म्हणजे नातीच्या आईने, तोंड फिरवून डोळे पुसले. बहीण उंबऱ्याबाहेर पाट घेऊन बसली आणि तिथून सांगू लागली.

“मान धर, गो. मान. पाणी आधी आपल्या हातावर घे.”

सून न्हाऊ घालीत होती आणि मूल रडत होते. तिचे हात वाईट नव्हते. पण ते घाबरलेले होते, आणि मुलाला ते कळत होते. ओव्याच्या धुरीचा वास ओसरीपर्यंत येई. बहीण आपल्या मांडीवर हात चोळत राही. जणू तिथे मूल होते.

भाच्याचा संयम सुटला. “आई, तालुक्यात हजारो लोकांनी घेतली. कोणाच्या दंडावर काय उठलंय? सगळी काय पोरांना हात लावायची थांबली?”

“सगळ्यांचं सगळ्यांना माहीत,” ती म्हणाली. “या पोरीला काय झालं तर तुझा आकडा येल का उत्तर द्यायला?”

नातीने वेगळ्या प्रकारे प्रयत्न केला. “आजी, मी पण तीच घेतली. माझी पण नाय उठली. मी दूध पाजू नको का हिला?”

“तू आई हायेस. आईला रीत नाय.”

त्यावर शेजारीसुद्धा, जो कोणत्याही वादात मागे हटत नसे, आंब्याकडे निघून गेला. मला नर्सबाईंनी सांगितलेली मुंबईची रक्ततपासणी आठवत होती, वर्तमानपत्रातले तज्ज्ञ आठवत होते. प्रतिकारशक्ती किती टिकते, कुणात किती तयार होते, यावर ते एकमेकांशी भांडत होते. त्यांतल्या एकाचाही मला तिच्यासमोर उपयोग नव्हता.

आश्विनात भात निसवले. मी गेलो त्या सकाळी धुके इतके उतरले होते की बांध दिसत नव्हते. सगळी खाचरे मिळून एकच पांढरे शेत झाले होते, आणि त्यावर लोंब्यांची टोके तरंगत होती. मी ओसरीवर पोचलो तेव्हा आत न्हाणे चालू होते. एकाएकी नात मुलीला पंच्यात गुंडाळून बाहेर आली.

“आजी, बघ हिच्या दंडावर.”

डाव्या दंडावर, वरच्या बाजूला, एक लहान लाल फोड उठला होता. कडा गोल होत्या, मध्ये पिवळसर टोक.

माझ्या बहिणीने डोळे बारीक केले. मुलीला हात न लावता ती वाकली. खूप वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, “मोजणीदार, तू बघ. माझी नजर गेलीय. उठलीय ना?”

जन्मल्यावर दवाखान्यात प्रत्येक मुलाला टोचतात ती लस क्षयाची असते. तिची खूण काही आठवड्यांनी उठते. या साथीशी तिचा संबंध नाही. मला हे ठाऊक होते, भाच्याला ठाऊक होते. तो दारातून पुढे आला.

“आई, ती तर क्षया—”

मी वाकून फोड नीट पाहिला. उजेडाकडे वळवून पाहिला.

“उठली आहे,” मी म्हणालो.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मागे होऊन वाट दिली.

“हिची उठली,” बहीण म्हणाली. “हिची उठली तर माझ्यापासून हिला काय होणार?” तिने रांजणातले पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि उंबरा ओलांडला. पाटावर बसून पाय लांब केले. नातीने मुलीला तिच्या नडग्यांवर ठेवले. मूल आधी रडले, सवयीने, आणि मध्येच थांबले. गरम पाण्याची वाफ उठून दारातून बाहेर आली आणि धुक्यात मिसळली.

भाच्याने मला नंतर आंब्याखाली गाठले. “मामा, तुमी असं कसं बोललात?”

“जे समक्ष पाहिले तेवढेच बोललो.”

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी ओसरीवर परत गेलो आणि उंबऱ्याबाहेर तिचा पाट रिकामा होता त्यावर बसलो. तिथून मूल चांगले दिसत होते.