आमच्या ह्यांना आवडू लागलेले सिनेमे

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील सगळ्यांना सांगत फिरले होते की जावई रोज वर जाणारा आहे, आणि सांगून स्वतःच हसले होते. जावई रोज खालीही येतो, हे मला संसारात पडल्यावर कळलं.

मी लाँड्रीत काउंटरवर बसते. कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, डाग बघून चिठ्ठी लावायची. गिऱ्हाईक म्हणतं शाई सांडली आणि असते लिपस्टिक. मी काही बोलत नाही, चिठ्ठीवर बरोबर ते लिहिते. सगळे मला संशयी म्हणतात. आहेच मी. माणसांचे कपडे उलटे करून बघायचे पैसे मिळतात मला, घरी आल्यावर डोकं काय खुंटीला टांगून ठेवू?

ह्यांचं सांगायचं तर माणूस साधा. बोलणं मोजकं. विचारलं तर "हो", फारच विचारलं तर "बरं". आवड एकच, घरी बसून सिनेमे बघायचे, आणि तेही मारामारीचे. दहा माणसं एका माणसावर धावून आली पाहिजेत, काचा फुटल्या पाहिजेत, गाड्या उलटल्या पाहिजेत. टीव्हीचा आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनाही गोष्ट कळावी. दुसऱ्या दिवशी जेवताना अभिप्राय यायचा, तोही दोनच प्रकारचा. सिनेमा एकतर "एक नंबर" असायचा नाहीतर "डोक्याला ताप". तिसरं काही मी ऐकलं नव्हतं.

मग एका रविवारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर पडद्यावर बर्फ. एक म्हातारा बर्फातून चाललेला. मी चादरींच्या घड्या घातल्या तरी चाललेलाच. आवाज इतका बारीक की नळाची धार जास्त ऐकू यावी. बोली कुठली कोण जाणे, खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटत होती आणि आमचे हे मान पुढे काढून ती वाचत होते.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

उत्तर नाही. रात्री जेवताना मात्र आपणहून म्हणाले, "सिनेमा जरा संथ होता. पण म्हाताऱ्याने काम छान केलं. त्याचं दुःख पोहोचतं."

माझा घास हातातच राहिला. दुःख पोहोचतं! ज्या माणसाने माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला "झालं सगळं नीट" एवढंच म्हटलं होतं, तो आज एका परक्या म्हाताऱ्याचं दुःख मला पोहोचवत होता. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

पुढे मग रांगच लागली. दोन बहिणी आणि त्यांचं विकायला काढलेलं घर. एक बाई रोज त्याच खिडकीतून समुद्र बघते, तो सिनेमा. एका शिक्षकाचा कुत्रा हरवतो, तो. सगळे परदेशी, सगळे संथ. आणि दुसऱ्या दिवशी अभिप्राय. "बहिणींचा बरा होता, शेवट उगाच ओढलाय." "कुत्र्याच्या सिनेमात शिक्षक फार रडतो, कमी रडला असता तर मला जास्त वाईट वाटलं असतं." मी म्हटलं, आपला जुना मारामारीचा लावा की एखादा. तर म्हणाले, "नको, त्यात काय असतं?"

माणसाची आवड या वयात आपोआप बदलत नाही. कुणीतरी बदलते. आणि असले सिनेमे पुरुष एकमेकांना सांगत नाहीत.

आता पुढचं ऐका. ह्यांची भाषा बदलली. मी एकदा शिंकले, तर म्हणाले, "तू ठीक आहेस ना?" एकदा दूध उतू गेलं माझ्या हातून, तर म्हणाले, "त्यात तुझा काही दोष नाही." दोष! आमच्या घरात दोष हा शब्द फक्त लिफ्टच्या मोटारीत असायचा. हे असं छापील, इस्त्री केलेलं बोलणं कुणाच्या तरी संगतीशिवाय येत नाही.

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला असतो. त्याचा फोन आला की पूर्वी हे हिसकावून घ्यायचे. आता त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की फोन माझ्या हातात देतात, "तूच बोल." स्वतः मात्र दिवसभर बोटांनी मेसेज टाइप करत बसतात. बोलायचं नाही, लिहायचं. का? कुणी ऐकू नये म्हणून, दुसरं काय?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, हे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलत असले की वर्तमानपत्र खाली ठेवून थेट तोंडाकडे बघायचे, डोळे न हलवता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही असं कुणी बघितलं नव्हतं. मी सांगते, लपवत नाही, मला ते आवडायचं. दुपारी लाँड्रीच्या आरशात मी केस सारखे करायला लागले होते. पण आवडत होतं तितकीच भीतीही वाटत होती. ज्याच्या मनात खोट असते, तो असाच चेहरा वाचत राहतो, हिला कळलंय की काय म्हणून.

माझी नणंद पलीकडच्या गल्लीत राहते. तिला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, दादा? दादाला कोण विचारतंय?" मग थोडा विचार करून म्हणाली, "पण खरंच, हल्ली तो माझ्याकडेही टक लावून बघतो. आणि मी काहीही म्हटलं की हो हो म्हणतो. परवा मी म्हटलं, दादा, पैसे कधी परत देतोस? तर म्हणाला, हो हो, छान झालं." आगीत तेल ओतायला नणंदेसारखा हात नाही.

मग मी माझ्या हातातलं काम केलं. ह्यांचे कपडे तपासले. खिशात काही नाही. वास नाही, केस नाही, डाग नाही. तिथेच मी थांबले. डाग नाही? लिफ्टच्या माणसाच्या कपड्यांवर डाग नाही? आमच्या घरातला साबण इतकी वर्षं ग्रीसशी झगडून झिजला. कोपरावर, गुडघ्यावर, खिशाच्या तोंडाशी काळं असायचंच. आणि आता कॉलर सोडली तर शर्ट दुकानातून आणल्यासारखा. म्हणजे हे कामाच्या वेळात कामावर नव्हते.

"आज कुठे होतं काम?" मी विचारलं.

माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाले, "नेहमीचंच. वर, मोटारीपाशी."

खोटं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतके दिवस संशय होता, आता पुरावा होता, आणि पुरावा मिळाल्यावर बरं वाटेल असं जे मला वाटत होतं, तसं काही झालं नाही. घर सुटणार, माणूस जाणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी ह्यांच्यावर किती चिडते हे मला रोज कळायचं. ह्यांच्यावाचून माझं काय होईल, हे त्या रात्री कळलं.

ह्यांचा जोडीदार लंबू. लिफ्टच्या कामाला दोघं लागतात. एकजण वर मोटारीपाशी, दुसरा खाली लिफ्टच्या टपावर. खालच्याने "थांब" म्हटलं की वरच्याने मोटार बंद करायची. लंबू टपावर आणि आमचे हे वर, अशी त्यांची जोडी आमच्या लग्नाच्याही आधीपासूनची. तो लाँड्रीत कोट घेऊन आला आणि मी त्याला काउंटरच्या फळीशी अडवलं.

"भावजी, खरं सांगा. हे कुठे जातात दिवसभर?"

लंबू एवढा उंच माणूस, पण चिठ्ठी वाचायच्या निमित्ताने पार वाकला. "वहिनी, ते त्यालाच विचारा."

"म्हणजे काहीतरी आहे."

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "पण तुम्ही विचारा. लवकर विचारा." आणि कोटाची पावती न घेताच निघून गेला.

झालं. रविवारी दुपारी मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. हे टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर एक बाई आगगाडीची वाट बघत होती, गाडी काही येत नव्हती. मी मागे उभी राहून म्हटलं, "कोण आहे ती?"

हे पडद्याकडे बघत राहिले.

"मी विचारतेय, कोण आहे ती? कुठे राहते? माझ्यापेक्षा शिकलेली आहे का?" माझा आवाज फाटला. "एवढी वर्षं तुमचं ग्रीस धुतलं मी, आणि आता स्वच्छ झालात तर दुसरीकडे?"

त्यावर हे हसले. पडद्यावर काहीतरी गंमत झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आणि हा माणूस हसतोय. मग उठले, मला मागे उभी बघून दचकले आणि म्हणाले, "अगं, तू कधी आलीस? पाणी आणतो, थांब." आणि स्वयंपाकघरात गेले.

इतका निगरगट्टपणा मी जन्मात पाहिला नव्हता. मी नणंदेला फोन लावला. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तिला लगेच बोलवायचं होतं. ह्यांना आत ऐकू जाऊ नये म्हणून रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत पार शेवटाला नेला. आणि नेमकी तेव्हाच त्या बाईची गाडी आली. शिट्टी, चाकं, लोखंड, सगळं घरात शिरलं. कपाटाच्या काचा थरथरल्या. "वन्सं, ताबडतोब या," मी ओरडत होते, आणि पलीकडून नणंद ओरडत होती, "वहिनी, तुम्ही स्टेशनवर काय करताय?" शेजाऱ्यांनी भिंतीवर मूठ आपटली.

त्या गदारोळात हे पाण्याचा पेला घेऊन आले, खुर्चीत बसले, एक घोट घेतला, आणि माझ्याकडे वळून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "चांगला आहे बघ हा. बस ना. शांत आहे, म्हणून आवडतो."

मी फोन बंद केला. मग टीव्ही बंद केला. शेजाऱ्यांचीही मूठ थांबली.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तसंच, डोळे न हलवता. पेला खाली ठेवला.

"कमी येतं," म्हणाले. मग म्हणाले, "नाहीच येत."

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. बाई नाही! कुठेही कुणीही बाई नाही! माणूस बहिरा झालाय आणि मी मनात उड्या मारतेय, अशी मी बायको. मग लाज वाटली, आणि मग मी ह्यांच्यासमोर खाली बसले.

मग ह्यांनी सांगितलं. आधी बारीक आवाज गेले, मग फोनवरचे, मग सगळेच. एके दिवशी लंबूने टपावरून "थांब" म्हणून हाक मारली आणि मोटार थांबली नाही. दुसरी हाकही ह्यांना ऐकू आली नाही. लंबूने बूट सोडून पाय ओढून घेतला. बूट चेपला, पाय वाचला. त्याच दिवशी हे साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला वर ठेवू नका. तेव्हापासून स्टोअरमध्ये बसतात. नटबोल्ट देतात. म्हणून कपडे स्वच्छ. डॉक्टरने कानात घालायचं मशीन दिलं होतं, त्यातून नुसती खरखर येते, माणूस येत नाही. मारामारीचे सिनेमे आवाजाशिवाय बघवत नाहीत, आणि आपल्या सिनेमांना खाली अक्षरं नसतात. ती फक्त परक्यांच्या सिनेमांना असतात, म्हणून बर्फ आणि म्हातारे.

आता मला राग आला. "साहेबांना सांगितलंत. लंबूला सांगितलंत. सगळ्या स्टोअरला माहीत. आणि मी? मी कोण लागते तुमची?"

"लंबूला सांगावंच लागलं," हे म्हणाले. "त्याचं ऐकू येत नव्हतं."

"आणि माझं?"

"तुझं येतं."

"आत्ता तर म्हणालात, नाहीच येत!"

हे जरा गोंधळले. शब्द शोधायला लागले, आणि या वेळी ते छापील नव्हते. "म्हणजे डॉक्टर म्हणतो, नाही येत. पण तू समोर बोललीस की येतं मला. तुझ्याच आवाजात. लंबूचे ओठ नुसते हलतात. तुझे हलले की आवाज सुरू होतो डोक्यात. इतकी वर्षं ऐकलाय, तो आतच बसलाय. तुला सांगितलं असतं तर तू हातवारे करायला लागली असतीस, कागदावर लिहून दाखवलं असतंस. मग तोही गेला असता."

कुणीही विरघळलं असतं. पण फार गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा कोट मी दोनदा उलटा करून बघते. वेळ आली की पुरुष वाटेल ते बोलतात. मी उठले, ह्यांच्या अगदी जवळ गेले, तोंडासमोर तोंड आणलं आणि होता नव्हता तेवढा राग चेहऱ्यावर आणून म्हणाले, सगळ्या जगाला सांगितलंत आणि मला एकटीला वेड्यात काढलंत. पण म्हणाले ते फक्त ओठांनी. घशातून श्वासाइतकासुद्धा आवाज काढला नाही. खोली इतकी शांत होती की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता.

ह्यांनी घाईने शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बघितलं आणि माझा हात दाबला.

"अगं, हळू," म्हणाले. "किती ओरडतेस. शेजारी ऐकतील."