पुढारलेल्या देशातले बडे बाबू

कचेरीत आल्याबरोबर बडे बाबू वर्तमानपत्र टेबलावर आपटत आणि म्हणत, "पाहा! स्वित्झर्लंडच्या बायकायले आत्ता कुठं, एकाहत्तर साली, मत भेटलं. आपल्या बायकायनं पहिल्याच निवडणुकीत टाकलं. आपलं सरकार लय पुढं हाये!"

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागले. बाई मी एकटीच. बडे बाबू आमचे हेडक्लार्क. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, जगभरच्या बायकांची खबर ठेवणारा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाबूजी, बायकांचं बाथरूम कुठं आहे?"

ते विचारात पडले. "बाई, अमेरिकेत अजून बाई राष्ट्रपती झाली नाही. आपल्या इथं पंतप्रधान झाली."

"अन् बाथरूम?"

"सरकार विचार करून राहिलं."

सरकारचा विचार होईपर्यंत मी माझ्या गावाहून, रामाकोन्याहून निघताना पाणी पीत नसे. अगदीच झालं तर रस्त्यापलीकडच्या मास्तरीणबाईंचं घर गाठायची. महिला दिनाला बडे बाबूंनी मला गुलाब दिला आणि रशियातल्या बायकांवर भाषण केलं. चहा आला, तो मी टाळला.

पुढे त्यांच्या मुलीला पांढुर्ण्यात नोकरी लागली. बडे बाबूंनी कचेरीभर संत्र्याची बर्फी वाटली. "पाहा सरकार!" म्हणाले.

वर्षभरानं एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, पोरीच्या हापिसात बाथरूम नव्हतं. दिवसभर पाणीच पेत नव्हती. डॉक्टर म्हणते, गुर्दे खराब होऊन राहिले. राजीनामा देल्ला तिनं." मग हळूच, "तुम्ही कसं करता?"

"तसंच," मी म्हटलं.

ते तडक साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं.

साहेब हसले. "बडे बाबू, आपला देश तर पुढं आहे ना?"

"असंल साहेब. बाईले जागा नाही. ते होईपर्यंत मी व्हरांड्यात बसतो."

आणि बसले. चष्मा खिशात, पेपर घडी केलेला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मिस्त्री बोलावला.

मागच्या अंगणात टिनाचा आडोसा उभा राहिला, आत पाण्याचा ड्रम आला. रोज सकाळी बडे बाबू शिपायाच्या मागं लागून तो भरून घेत. मुलीची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी भाषणाचा आग्रह केला. "काय बोलू?" म्हणाले, आणि गळ्यातल्या हारासकट मागं जाऊन ड्रममध्ये डोकावून आले.

दुसऱ्या दिवशी ड्रम कोरडा होता.